ज्या पुस्तकांनी विश्वास टिकवला : मराठवाड्यातील वाचकांचे अनुभव

निमंत्रण : मराठवाड्यातील ख्रिस्ती वाचकांना विनंती की, ज्या पुस्तकामुळे आपला विश्वास दृढ झाला त्याविषयी येथे लिहावे. केवळ 'पुस्तक वाचनीय आहे' एवढ्यावर न थांबता कोणता भाग मनाला भिडला आणि त्यानंतर प्रार्थनेत काय फरक पडला, हेही सांगावे.

जालना, निवृत्त परिचारिका : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र पुष्कळांना विनोदासाठी आठवतात, मला त्यातील विलंब महत्त्वाचा वाटतो. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मदीक्षा) १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात यजमानांच्या मागोमाग त्या निमूटपणे गेल्या नाहीत. सोवळेओवळे पाळणाऱ्या या बाईच्या मनातून आधी जातिभेद गेला आणि बाप्तिस्मा त्यानंतर झाला. रात्रपाळीत औषधांच्या नोंदवहीखाली ठेवून मी हे पुस्तक वाचत असे. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती असल्यामुळे 'हा विश्वास तुझा स्वतःचा आहे का' असे मला चर्चच्या मंडळीत कधी कोणी विचारले नव्हते. तो प्रश्न या पुस्तकाने विचारला आणि तेव्हापासून पाठ केलेल्या प्रार्थनेआधी मी माझ्या शब्दांत दोन वाक्ये तरी बोलते.

लातूर, पाळक (चर्चचे धर्मगुरू) : माझे पुस्तक बायबलमधलेच आहे, ईयोब : निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाची कथा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर आम्ही काही तरुण किल्लारी परिसरात मदतीला गेलो होतो. तेथे दगडामातीच्या ढिगाऱ्यांजवळ बसलेली माणसे 'देवाने असे का केले' असे विचारत आणि आमच्यातील एक-दोघे लगेच उत्तरे देऊ लागत. परतल्यावर ईयोबाचा दुसरा अध्याय वाचताना लक्षात आले की, त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे सारे योग्यच होते. ते बोलू लागले आणि बिघडले. शेवटच्या अध्यायात परमेश्वर रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडता येते अशा देवावर माझा विश्वास बसला, तो या पुस्तकामुळे. शोकाच्या घरी गेल्यावर मी आता वचन वाचण्याची घाई करत नाही.

बीड, शिक्षिका : पाळकसाहेबांशी मी सहमत आहे. आमच्या घरी वचनपेटी, म्हणजे बायबलमधील वचनांच्या चिठ्ठ्यांची पेटी आहे. सकाळी चिठ्ठी काढायची, गोड वचन निघाले की दिवस चांगला जाणार असे मानायचे, हे मला कधीच पटले नाही. 'यात्रिकक्रमण' वाचल्यावर वचनाचा खरा उपयोग समजला. जॉन बन्यन यांच्या या रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले मराठी भाषांतर १८४१ सालचे आहे. त्यातील यात्रिक संशयाच्या किल्ल्यात कैद होतो. निराशा नावाचा राक्षस त्याला मारतो, जीव देण्याचा सल्लाही देतो. शनिवारी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत प्रार्थना केल्यावर त्याला आठवते की 'वचन' नावाची किल्ली आपल्याच उराशी आहे. आतील दारे सहज उघडतात, मात्र बाहेरच्या लोखंडी दरवाजाचे कुलूप फार जड जाते. बन्यन यांनी ते कुलूप सोपे केले नाही, म्हणूनच हे पुस्तक मला विश्वासार्ह वाटते.

छत्रपती संभाजीनगर, ग्रंथपाल : आमचे आजोळ पैठणकडचे, त्यामुळे ओवी कानावर होतीच. एकनाथमहाराजांनी १५९९ साली देह ठेवला आणि १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातील इंग्रज धर्मगुरूचे 'ख्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध मराठी काव्य गोव्यात छापले गेले. त्याची भाषा जुनी आहे, मनातल्या मनात वाचल्यास कंटाळाही येतो. पण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घरात मोठ्याने वाचू लागलो, तेव्हा आईने ताल धरला आणि प्रभूचे चरित्र प्रथमच आमच्या घरच्या सुरात ऐकू आले.

नांदेड, विद्यार्थी : फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा वसतिगृहातील माझ्या हिंदू मित्राने त्यांचे 'सुबोध बायबल' माझ्याकडे मागितले. त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन आम्ही दोघांनी मिळून वाचले. मी लहानपणापासून ऐकलेली वाक्ये तो अडवून धरत असे. शत्रूवर प्रीती करण्याविषयी त्याने जे विचारले, त्याला माझ्याकडे अजून समाधानकारक उत्तर नाही. त्यामुळे माझ्या प्रार्थनेत तोच विषय वारंवार येतो.