कोक सोडून ऊसतोडीचा खाडा माफ होतो का?

बालाघाटी
दोन दिवसांपासून अनघाताईंची पोस्ट फिरतेय, "कोक-पेप्सी बंद करा, त्या गोडव्यात बीडच्या बायकांचं रक्त आहे." वाचून डोकं उठलं म्हणून सविस्तर लिहितो. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की या कंपन्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर घेतात आणि तिथे ऊस तोडणाऱ्या बायकांचे गर्भपिशवी काढण्यापर्यंत हाल आहेत, तेव्हा सगळे जागे झाले. पण सरकारी समितीने 2019 लाच बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली होती, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा कुणी चहातली साखर सोडली?

माझी आई पहाटे तीनला पाचटाच्या कोपीबाहेर भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात. दिवसभर तोड, मोळ्या बांधा, रात्री गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढा. पाळी असो, ताप असो, बसलं की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आणि खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेत, वळते. पोटात दुखतंय म्हटलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार, पिशवी काढा म्हणणार, त्याचा खर्च परत मुकादमाकडून उचल. यातली कुठली गाठ तुमच्या बाटलीने सुटते? आमची माणसं कोयता बंद करतात, म्हणजे तोडणीचा संप. जानेवारी 2024 ला तोडणीत 34 टक्के वाढ मिळाली ती त्या धाकावर. बॉयकॉट कामगारांनी मागितला तर मी पहिला उभा राहीन. कुठल्या संघटनेने मागितलाय, सांगा.

अनघा_कोथरूड
दादा, तुमच्या आईबद्दल वाचून गलबलून आलं, पण तुमचं म्हणणं पटलं नाही. मी कपड्यांच्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये कंप्लायन्स बघायचे. लेबर ऑफिसच्या नोटिसा ड्रॉवरमध्ये पडून असायच्या, परदेशी बायरचा माणूस येणार म्हटलं की आठवड्याच्या आत बायकांच्या संडासाला दारं आणि कड्या लागल्या. मोठ्या गिऱ्हाइकाचा धाक असतोच. कॅलिफोर्नियात डेलानोच्या द्राक्षमळ्यांत 1965 ला संप झाला, मालक बधले नाहीत, मग शहरातल्या लोकांनी द्राक्षं घेणं सोडलं आणि 1970 ला मालकांनी करारावर सह्या केल्या. नेस्लेवरचा बहिष्कार 1977 चा, बाळाच्या दूध पावडरीच्या जाहिरातीवरून, त्यानंतर 1981 ला जागतिक आरोग्य संघटनेची नियमावली आली आणि 1992 ला आपल्याकडे कायदा. घरी बसून कोयता बंदची वाट बघायची का आम्ही?

बालाघाटी
डेलानोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे आधी मजुरांनी संप केला, त्यांच्या युनियनने लोकांना हाक दिली, आणि मागणी काय तर युनियनशी करार. तुमच्या पोस्टमध्ये मागणीच नाही. आणि संडासाची दारं म्हणाल तर ऑडिटवाला कारखान्याच्या गेस्ट हाऊसला उतरतो. फडावर गाडी दिसली की पोरांना उसात पळायला सांगतात, त्या पोरांत मीही असायचो.

ऊसवाला_वाळवा
सगळे मजुरांचं बोलताय, शेतकऱ्याचं कोण बोलणार? तोडणीचे पैसे आमच्या बिलातून कापून घेतात, वर टोळी फडात यायच्या आधी खुशालीचे वरचे पैसे मागते, ड्रायव्हरला एन्ट्रीचे वेगळे. गेल्या हंगामात ऊस वाळत होता, तुरे आले होते, द्यावेच लागले. नाही म्हटलं तर टोळी शेजारच्या रानात. त्यावर बहिष्कार घालायला कोण येणार?

मुकादमाचा_पुतण्या
खुशालीचं खरं आहे, नाकारत नाही. पण मुकादम म्हणजे राक्षस असं जे चाललंय ते बंद करा. माझ्या चुलत्याने कारखान्याकडून आणि सावकाराकडून पैसे उचलून कोयत्यांना, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांना वाटले, एकेकाला लाखाच्या आसपास. दिवाळीनंतर गाडी न्यायला गेला तर निम्मे कोयते दुसऱ्याच मुकादमाबरोबर कर्नाटकात. कारखान्याने वसुली लावली, दोन एकर गेली. त्याची बातमी अमेरिकेच्या पेपरात येणार नाही.

बालाघाटी
आणि उचल फिटली नाही म्हणून बाईला आणि लेकरांना डांबून ठेवतात त्याचं काय? वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा आहे. चुलत्याची जमीन गेली त्याचं वाईट वाटतं, पण जमीन गेली कारखान्यामुळे आणि राग काढताय कोयत्यावर.

मुकादमाचा_पुतण्या
डांबून ठेवणारे वेगळे, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. तुमच्या वडिलांनी कधी उचल बुडवली नाही का?

बालाघाटी
बापावर जायचं नाही. माझा बाप पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, राबला आणि हिशोबाला बसला की दरवर्षी अंगावर बाकीच निघायची. हिशोबाची वही मुकादमाकडे, अंगठा बापाचा. बुडवणार काय?

ऊसवाला_वाळवा
वही मुकादमाकडे आणि वजनकाटा कारखान्याकडे. आमचंही तेच रडगाणं आहे.

विदुला
भांडणात मूळ मुद्दा राहिला. ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत 24 एप्रिल 2013 ला कोसळली, अकराशेच्या वर माणसं गेली, तेव्हा तिथल्या कामगारांचं म्हणणं होतं की आमचे कपडे घेणं बंद करू नका, आमच्या पोटावर पाय येईल. त्याऐवजी ब्रँड आणि युनियन यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला, इमारतींची तपासणी झाली, निकाल जाहीर झाले. साखरेलाही तेच हवं. साखर घेणाऱ्याने लिहून द्यायचं की उचल बँकेतून, हिशोबाची प्रत मजुराच्या हातात, खाडा बंद, फडावर पाणी आणि संडास, आणि हे पाळलं नाही तर खरेदी बंद.

अनघा_कोथरूड
पण ब्रँड त्या टेबलावर आले कशाने? दुकानांबाहेर लोक उभे राहिले म्हणूनच ना. इंग्लंडात 1791 ला गुलामांच्या साखरेवर बहिष्कार पडला, गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा व्हायला 1807 उजाडलं. कायदा संसदेनेच केला, मान्य, पण सोळा वर्षं विषय धगधगत ठेवला लोकांनी.

बालाघाटी
बरं, दबाव लागतो, तेवढं मानतो. पण दबाव नाव घेऊन टाका. सहकारी असो की खाजगी, कारखान्याचं नाव लिहा, चेअरमनला विचारा की तोडणी कामगार तुमचे नाहीत तर मग कुणाचे. कोकला शिव्या घालायला धाडस लागत नाही, ते अटलांटात बसलेत. तालुक्यातल्या चेअरमनचं नाव घेऊन बघा.

अनघा_कोथरूड
नाव टाकते. मागण्या विदुलाच्या घेते. पण बाटली मी विकत घेणार नाही, ते माझं मी ठरवलंय.

मुकादमाचा_पुतण्या
उचल बँकेतून चालेल. मग कोयता पळून गेला तर वसुली कारखान्याने करायची, मुकादमाच्या सातबाऱ्यावर नाही, हेही त्याच मागण्यांत लिहा. नाहीतर आमची सही नाही.

बालाघाटी
लिहू. आधी वहीची प्रत.