शिकवणी अ‍ॅपला लेकराची कोणती माहिती द्यावी आणि संमती कोणाची घ्यावी? सल्ला हवा

गेवराईकर
सातवीतल्या पुतण्यासाठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका खाजगी शिकवणी अ‍ॅपची लिंक आली आहे. नोंदणीला मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो, आधार, शाळेचं नाव आणि पालकाचा मोबाइल नंबर मागतात. उघडल्याबरोबर लोकेशन, संपर्कयादी आणि माइकची परवानगीही मागतं. आई-वडील ऊसतोडीला सांगलीकडं आहेत, पट्टा पडल्यावर म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततील. लेकरू आजी-आजोबांजवळ आहे आणि अ‍ॅप माझ्या फोनवर टाकायचं आहे. यातलं काय द्यावं? आणि काका म्हणून मी संमती दिली तर चालते का?

माजलगाव_मोबाइल
भाऊ, आधी परवानग्यांचं बघू. व्हिडिओ बघायला आणि चाचणी सोडवायला फक्त इंटरनेट लागतं. कॅमेरा लागलाच तर प्रश्नाचा फोटो टाकताना, माइक लागलाच तर थेट वर्गात बोलताना. दोन्हीला 'फक्त या वेळी' निवडा. संपर्कयादी आणि लोकेशन सरळ नाकारा. संपर्कयादी दिली की तुमच्याबरोबर गावातल्या शेकडो लोकांचे नंबर जातात, त्यांना तर कोणी विचारलेलंही नसतं. या दोन परवानग्या नाकारल्यावर अ‍ॅप पुढं सरकतच नसेल, तर ते शिकवण्यासाठी बनवलेलं नाही असं समजा आणि काढून टाका.

टाकण्याआधी प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर खाली 'डेटा सेफ्टी' उघडा. कोणती माहिती गोळा होते, कोणती बाहेरच्या कंपन्यांना दिली जाते आणि ती पुसून मागता येते का, हे तिथं असतं. पण ते कंपनीनं स्वतःच भरलेलं असतं. म्हणून एक्सोडस प्रायव्हसीच्या संकेतस्थळावर अ‍ॅपचं नाव टाकून आत कोणते ट्रॅकर, म्हणजे वापरणाऱ्यावर नजर ठेवणारे कोडचे तुकडे, आहेत तेही बघा. ट्रॅकरचा कोड सापडला म्हणजे तो चालतोच असं नाही, पण लेकरांच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात कंपन्यांचे पाच-सहा ट्रॅकर दिसले तर मी तरी ते घेऊ नका म्हणेन.

फोनच्या सेटिंगमध्ये गुगल, मग जाहिराती, तिथं 'जाहिरात आयडी हटवा' (जाहिरातींसाठी फोन ओळखायचा क्रमांक) हेही करून टाका. जन्मवर्ष मात्र खरंच टाका. लवकर आत जायला पोरं २००० साल टाकतात, मग अ‍ॅप त्यांना सज्ञान धरतं आणि लहान मुलांसाठी असलेलं संरक्षण आपोआप सुटतं.

लातूर_वकील
संमतीचं सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. कलम ९ प्रमाणे मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्याच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला बंदी आहे. हे मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरची ही बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तोवर २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो आणि तक्रार महिन्याच्या आत निकाली काढावी लागते.

आता तुमचा प्रश्न. कायद्यात पालक म्हणजे आई-वडील किंवा कायदेशीर पालक. आई-वडील हयात असताना, नुसतं लेकरू सांभाळतो म्हणून काका किंवा आजोबा कायदेशीर पालक होत नाहीत. तेव्हा 'मी पालक आहे' या चौकटीत तुम्ही टिक करू नका. नोंदणी आईच्या नाहीतर वडिलांच्या नंबरवर करा. त्यांच्याकडं बटणांचा फोन असला तरी ओटीपी एसएमएसनं येतो. आधी फोनवर कोणती माहिती जाणार, कशासाठी जाणार हे त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी हो म्हटलं तरच पुढं जा. ओटीपी विचारताना एसएमएसमध्ये कंपनीचं नाव कोणतं आहे तेही त्यांच्याकडून वाचून घ्या. दुसऱ्या कोणाचा फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, हेही त्यांना बजावून ठेवा.

नवा कायदा लागू झाला की संमतीची सूचना इंग्रजीशिवाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मागता येईल, त्यात मराठी आली.

जालना_शिक्षिका
आधार देऊ नका. अभ्यासाचे धडे दाखवायला ते लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शाळाप्रवेशालाही आधार सक्तीचं नाही म्हटलं आहे, तिथं खाजगी अ‍ॅपची काय कथा. ओळख पटवायलाच हवं असेल तर पालकाचं मास्क्ड आधार द्या. 'माय आधार' संकेतस्थळावर डाउनलोड करताना तो पर्याय निवडला की पहिले आठ अंक झाकले जातात. लेकराचा फोटो देऊ नका, झाडाचं किंवा पुस्तकाचं चित्र लावा. शाळेचं नाव सोडून द्या, इयत्ता आणि माध्यम पुरे.

मुख्याध्यापकांना एक प्रश्न लेखी विचारा: हे अ‍ॅप शाळेनं करार करून घेतलं आहे, की कोणीतरी गटावर लिंक टाकली? करार असेल तर मुलांच्या माहितीची जबाबदारी शाळेवर येते. नव्या नियमांत शाळांना थोडी सूट आहे, पण ती शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. बाहेरच्या कंपनीनं आपला धंदा वाढवायला ती वापरायची नाही.

अपार आयडीचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या सरकारी शैक्षणिक ओळख क्रमांकाचा, अर्ज आला तर तो वेगळा विषय. त्यालाही पालकांची संमती लागते, सही आई-वडिलांचीच घ्या.

आणि पालक परत येईपर्यंत अभ्यास अडत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपनं स्कॅन केला की लॉगिन न करता पाठ उघडतो आणि डाउनलोडही करता येतो. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहेत.

गेवराईकर
ताई, दीक्षाचं आजच बघतो. अजून एक. पुतण्याचं दुसऱ्या एका अ‍ॅपवर जुनं खातं होतं. अ‍ॅप फोनमधून काढलं, तरी कोर्स घ्या म्हणून फोन येतच आहेत.

माजलगाव_मोबाइल
अ‍ॅप काढलं तरी खातं तसंच राहतं, माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असते. पुन्हा अ‍ॅप टाकून प्रोफाइलमध्ये 'डिलीट अकाउंट' करा. प्ले स्टोअरच्या नियमानं ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं तिथं ते बंद करायची सोयही द्यावी लागते आणि त्यासाठी वेब लिंकही लागते. ती डेटा सेफ्टीतच मिळेल. गुगलनं लॉगिन केलं असेल तर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या अ‍ॅपचा प्रवेश काढा. एक-दोन रुपयांची 'ट्रायल' घेतली असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करा, नाहीतर पुढची रक्कम आपोआप कटेल.

विक्रीचे फोन बंद करायला १९०९ वर 'START 0' असा एसएमएस पाठवा. ही अक्षरं इंग्रजीतच लिहायची. पण नोंदणीच्या वेळी 'संपर्क करण्यास संमती' ही खूण राहून गेली असेल तर कंपनी तीच पुढं करते. म्हणून तक्रार अधिकाऱ्याला पालकांच्या नावानं मेल करा:

"माझ्या अल्पवयीन मुलाच्या खात्यासाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. या नोंदणीकृत नंबरशी जोडलेली त्याची सर्व माहिती पुसावी, ज्यांना ती दिली त्यांनाही कळवावे, विक्रीसाठीचे फोन व संदेश बंद करावेत आणि हे केल्याचे लेखी उत्तर द्यावे."

मेलमध्ये आधार किंवा जन्मदाखला जोडू नका. ओळख पटवा म्हणाले तर नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवा म्हणावं. खातं बंद करण्याआधी प्रोफाइलच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नाहीतर नंतर 'तुमचं खातंच सापडत नाही' असं उत्तर येतं.

लातूर_वकील
मेलची तारीखही लिहून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही आणि पैसे भरलेले असतील, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मुलाचा फोटो किंवा माहिती कोणी गैरवापरली तर १९३० वर थांबू नका, ते मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथं तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यातही द्या.