'त्रेइ स्काउने'ला मराठीत काय म्हणायचं?

दौतटाक
एका लेखाचं भाषांतर हातात आहे. विषय : चोमा शांदोर. तिबेटी-इंग्रजी शब्दकोश करणारा हंगेरियन. कोश १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला आणि १८४२ मध्ये हा दार्जिलिंगला वारला. माणूस आपल्याकडच्या वाचकाला अगदीच परका नाही, पण घोडं त्याच्या जन्मगावापाशी अडलंय. मूळ लेखात लिहिलंय, 'त्रेइ स्काउने जुदेत्स, रोमानिया'. जुदेत्स म्हणजे रोमानियातला प्रशासकीय विभाग, पण आजच्या नकाशात या नावाचा जुदेत्स सापडत नाही. रोमानियन कोशात 'त्रेइ' म्हणजे तीन आणि 'स्काउन' म्हणजे खुर्ची. आता 'जिल्हा तीन खुर्च्या' असं लिहून पाठवलं तर संपादकबाई फोनच करतील. शिवाय जुदेत्सला जिल्हा म्हणू की काउंटी?

घाटमाथा
नकाशात सापडणार नाही, कारण १९५० साली रोमानियातले सगळेच जुदेत्स मोडून रशियन धर्तीवर 'प्रदेश' आणि 'रायोन' केले. १९६८ मध्ये जुदेत्स परत आले, पण सगळे जुन्या नावांनी नाही. त्रेइ स्काउनेचा बहुतेक मुलूख आता 'कोवास्ना' जुदेत्समध्ये आहे. मुख्य ठिकाण तेच, स्फिंतु गेओर्गे.
जागा कुठली म्हणाल, तर ट्रान्सिल्व्हेनियाचा आग्नेय कोपरा. कार्पेथियन डोंगर जिथे कोपरात वाकवलेल्या हातासारखे वळतात, त्या वळणाच्या आतली बशी. ओल्त नदी, तिला मिळणारी 'काळी नदी', सपाट शेतं, बटाटा भरपूर, आणि पूर्वेला मोल्दावियात उतरणारी ओइतुझ खिंड. जमिनीतून आंबूस, फसफसणारं पाणी येतं. तिकडचे हंगेरियन लोक त्याला 'बोरवीझ' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'वाइनपाणी'. 'कोवास्ना' नावाच्या मुळाशीही आंबटपणाच आहे. तो स्लाव्ह शब्द, क्वास पेयातला.

उंबरठा
जिल्हा म्हणावं. काउंटी शब्द काउंटाकडून, म्हणजे युरोपातल्या सरदाराकडून आलेला, आणि जुदेत्सशी काउंटाचा काही संबंध नाही. जुदेत्स हा लॅटिन 'युदिकियुम'चा वंशज, म्हणजे न्यायनिवाडा. जुन्या वालाकियात, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियात, शहराच्या मुख्य पंचालाही जुदेत्स म्हणत. निवाडा करणारा माणूस, मग त्याचा निवाडा जिथवर चालतो ती हद्द, असा शब्द पसरत गेला. शेजारच्या मोल्दावियात याच अर्थी 'त्सिनुत' होता, तो 'धरणे' या क्रियापदावरून. म्हणजे ताब्यातला मुलूख.
गंमत बघा, आपले शब्द कुठून आले. जिल्हा अरबीतून, मूळ अर्थ बरगडी, बाजू. तालुका 'तअल्लुक'वरून, म्हणजे जोडलेला, संबंध असलेला. आणि वर बसलेला साहेब कलेक्टर, वसुली करणारा. आपल्याकडे साहेबाच्या नावात वसुली, त्यांच्याकडे मुलखाच्या नावातच निवाडा.

घाटमाथा
उंबरठाताई, जिल्ह्याला माझा विरोध नाही, पण काउंटी इतकीही चुकीची नाही. १८७६ ते पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख हंगेरीत 'हारोमसेक' नावाचा 'वारमेज्ये' होता, आणि वारमेज्येला लॅटिनमध्ये 'कोमितातुस' म्हणत, म्हणजे काउंटाचा अंमल. रोमानियनमध्येही हंगेरीच्या काळातल्या त्या विभागाला 'कोमितात'च म्हणतात. युद्धानंतर तो रोमानियात आला. तिथल्या १९२५ च्या कायद्यानं सगळ्या देशाला एकच साचा लावला आणि हा रीतसर जुदेत्स झाला. १९४० मध्ये जर्मनी-इटलीनं दिलेल्या व्हिएन्ना निवाड्यात परत हंगेरीकडे, १९४४ नंतर परत रोमानियाकडे. बहुसंख्य लोक हंगेरियन बोलणारे सेकेइ. पाट्या बदलत राहिल्या, माणसं तिथंच.

दौतटाक
ठीक, जिल्हा पक्का. पण खुर्च्यांचं काय?

उंबरठा
खुर्ची नाही, पीठ! 'त्रेइ स्काउने' हे हंगेरियन 'हारोमसेक'चं सरळ भाषांतर : हारोम तीन, सेक आसन. सेकेइ लोकांचे मध्ययुगापासून स्वतःचे मुलूख होते, प्रत्येकाचं एक न्यायासन. त्या आसनावरून मुलखालाच 'सेक' म्हणू लागले. शेजारचे जर्मन सॅक्सनही आपल्या अशाच मुलखांना 'श्टूल' म्हणत, तेही खुर्चीच. आजही हंगेरियनमध्ये कोर्टाला 'त्योर्वेनसेक' म्हणतात, कायद्याचं आसन. रोमानियन 'स्काउन' आलाय लॅटिन 'स्काम्नुम'वरून, म्हणजे बाक. आपण 'बेंच'ला खंडपीठ म्हणतोच ना? नागपूर खंडपीठ म्हटल्यावर नागपूरच्या फर्निचरबद्दल बोलतोय असं कुणाला वाटत नाही.

कोनाडा
'तीन पीठं' लिहा की! नाचणी, ज्वारी आणि बाजरी.

घाटमाथा
😄 हाच धोका आहे. 'गादी' कशी वाटते? सातारची गादी, कोल्हापूरची गादी. गादी म्हणजे बसायची वस्तू, सत्ता आणि मुलूख, तिन्ही.

उंबरठा
गादीला वारस लागतो. सेकेइंचे न्यायाधीश गादीवर जन्मत नव्हते. गादी म्हटलं की वाचकाला तिथे राजा दिसणार, आणि तो तिथे नव्हता. पीठच बरं. अनेकवचन 'पीठे' करा, 'पीठं' नको, म्हणजे कोनाडा जात्यावर बसणार नाहीत.

दौतटाक
ती तीन कुठली?

घाटमाथा
शेप्शी, केझ्दी आणि ओर्बाई. चोमाचं क्योरोश हे गाव ओर्बाईतलं. आता ते कोवास्ना शहराचाच भाग आहे, रोमानियन नाव 'कियुरुश'. हंगेरियन पद्धतीनं त्याचं पूर्ण नाव 'क्योरोशी चोमा शांदोर', आडनाव आधी. 'क्योरोशी' म्हणजे क्योरोशकर! गावाला 'कर' लावायची आपली सवय तिकडेही सापडते, फक्त त्यांचा 'कर' म्हणजे नुसता 'ई'.
आणि एक राहिलं. तीन म्हणतात खरे, पण मिक्लोशवार नावाचं आणखी एक होतं. त्याला पूर्ण पीठाचा दर्जा नव्हता. ते शेप्शीला जोडलेलं 'फिउसेक', म्हणजे शब्दशः 'पुत्रपीठ'.

कोनाडा
थांबा थांबा. तीन पूर्ण आणि एक अर्धं? कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणीचं अर्धं! चेष्टेत शिरलो होतो, आता खरंच सांगतो : पीठच लिहा. मराठी वाचकाला साडेतीन पीठं समजावून सांगावी लागत नाहीत.

उंबरठा
तुलना गोड आहे, पण ती लेखात घालू नका. शक्तिपीठांत देवी आहे, इथे पंच आणि खटले. वाचक भलतीकडे जाईल.

दौतटाक
मग असं करते : "चोमाचा जन्म १७८४ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्योरोश गावी झाला. हे गाव पुढे रोमानियाच्या त्रेइ स्काउने ('तीन न्यायपीठे') या जिल्ह्यात होते. तो जिल्हा १९५० मध्ये मोडला, आज ते कोवास्ना जिल्ह्यात आहे." 'पुढे' मुद्दाम घातलंय, कारण तो जन्मला तेव्हा तिथे रोमानियाही नव्हता आणि जुदेत्सही.

उंबरठा
'न्यायपीठे' झकास. नुसत्या 'पीठे'पेक्षा हे सरस, कंस आहे तसाच ठेवा.

कोनाडा
आणि चोमाला 'क्योरोशकर' करायचा मोह आवरा. संपादकबाई खरंच फोन करतील.