मदत हवी आहे: ग्रीसमध्ये अमेरिकेने नक्की कोणाला रोखलं?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी शीतयुद्धाच्या सुरुवातीवर वीस मिनिटं बोलायचंय आणि मी ग्रीसपाशीच अडकलोय.

ग्रीसमध्ये तेव्हा साम्यवादी बंडखोर सरकारशी लढत होते. १२ मार्च १९४७ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी अमेरिकी संसदेकडे (काँग्रेस) ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. ब्रिटनने 'या दोघांना मदत करण्याचा खर्च आता आमच्याकडून झेपत नाही' असं कळवलं होतं, तेव्हा निमित्त समजतं. पण ऑक्टोबर १९४४ मध्येच मॉस्कोत चर्चिलने कागदाच्या चिठोऱ्यावर ग्रीससमोर '९० टक्के ब्रिटन' (म्हणजे तिथे ९० टक्के वर्चस्व ब्रिटनचं) लिहून पुढे सरकवलं आणि स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर खूण केली. हे चर्चिलनेच लिहून ठेवलंय. पुढे १९४८ च्या फेब्रुवारीत स्टालिनने युगोस्लावियाच्या नेत्यांना ग्रीसमधला उठाव आवरता घ्यायला सांगितलं. बंडखोरांना खरी रसद होती ती युगोस्लावियाचा साम्यवादी नेता टिटो याची. त्याचं आणि स्टालिनचं फाटलं, जुलै १९४९ मध्ये त्याने सरहद्द बंद केली आणि काही आठवड्यांत बंड संपलं.

मग 'साम्यवादाला पायबंद' (कंटेनमेंट) हे अमेरिकेचं धोरण यशस्वी झालं ते डॉलरमुळे की टिटोमुळे? वॉशिंग्टनला मॉस्को आणि बेलग्रेड (युगोस्लावियाची राजधानी) यांतला फरक तेव्हा दिसतच नव्हता, की दिसूनही सोयीचा नव्हता? मला यातली दुसरी शक्यता खरी वाटते, पण नुसत्या वाटण्यावर कट्ट्यावर निभाव लागत नाही, आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत!

कोणी यावर अभ्यास केला असेल तर सांगा. आणि 'कंटेनमेंट'ला 'पायबंद' चालेल का, की दुसरा नेमका शब्द आहे?