मंडळीची वाढ आणि सभासदांचा पट : 'बेसा रोड' यांच्या लेखाला उत्तर

सदरचा जुना सभासद

सर्वांना सलाम. 'बेसा रोड' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या मागच्या आठवड्यातील लेखाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे, असा माझा विचार होता. परंतु त्या लेखाला मिळालेली वाहवा पाहून सविस्तर लिहिणे भाग पडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नागपुरातील जुन्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) आटत चालल्या आहेत, म्हणून मराठी व इंग्रजी उपासना एकत्र करावी, पेटी-तबल्याच्या जागी बँड आणावा, गीतपुस्तकाऐवजी भिंतीवर पडदा लावावा आणि निवडून आलेल्या पास्टोरेट कमिटीला (मंडळीच्या कारभारी समितीला) बाजूला सारून पाळकसाहेबांनी (पास्टरनी) निवडलेल्या पाच जणांच्या हाती कारभार सोपवावा. लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, "जे बदलणार नाहीत त्यांच्यासाठी थांबायला आता वेळ नाही."

पडद्याला माझा विरोध नाही. माझी नजर अधू झाली आहे आणि मोठी अक्षरे मला हवीच आहेत. मला झोंबले ते हे शेवटचे वाक्य, आणि तेही या शहरात बसून लिहिलेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्यासाठीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि बालकाला बाप्तिस्मा देणेच चूक मानणारे बाप्टिस्ट, बिशप मानणारे आणि बिशप या पदाचीच धास्ती असलेले, असे सगळे एका मांडवाखाली आणायचे होते. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर हात वर करून बहुमत मोजले असते, तर एक पक्ष त्याच दिवशी उठून गेला असता. म्हणून दोन्ही प्रथा मान्य ठेवल्या गेल्या. ज्यांना हे पटले नाही, त्यांच्यासाठी थांबण्यातच त्या पुढाऱ्यांची निम्मी हयात गेली.

दुसरा मुद्दा पाळकांचा. आपल्याकडे पाळकसाहेबांची काही वर्षांनी बदली होते. त्यांनी निवडलेल्या पाच जणांचा अधिकार त्यांच्या सामानाबरोबरच ट्रकमध्ये चढणार आहे. नवे पाळक नवे पाच जण निवडतील आणि आधीच्या पाच जणांची कुटुंबे मागच्या बाकावर जाऊन बसतील. बदलाचे परिणाम ज्यांना पुढची तीस वर्षे भोगायचे आहेत, त्यांच्या संमतीवाचून केलेला बदल पाळकांच्या निरोप समारंभापलीकडे टिकत नाही. हे मी आमच्याच मंडळीत एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

तिसरा मुद्दा वाढीचा. ज्यांच्या विचारांवर ही सारी 'मंडळीवाढी'ची शिबिरे चालतात, ते डॉनल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली दमोहला जन्मले, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्याच मध्य प्रांतात. वाढ तीन प्रकारची असते, हे त्यांनीच शिकवले : सभासदांच्या घरी मुले जन्मतात ती, एका मंडळीतून लोक दुसरीत जातात ती, आणि नवे लोक विश्वास धरतात ती. बेसा-मनीषनगरकडच्या नव्या सहवासांत (उपासनेसाठी जमणाऱ्या गटांत) जी गर्दी दिसते, ती बहुतांशी दुसऱ्या प्रकारची आहे. आमच्या सदर भागातील जुन्या मंडळीचा बाक रिकामा झाला आणि बेशाची खुर्ची भरली, तर शहरातील ख्रिस्ती लोक किती वाढले? शिवाय भाषेची आणि समाजाची भिंत ओलांडायला न लावता लोकांना ख्रिस्ताकडे येऊ द्यावे, हेही मॅकगॅव्हरन यांचेच मत होते. 'बेसा रोड' मात्र त्यांचे नाव घेऊन मराठी आणि इंग्रजी उपासना एकत्र करायला निघाले आहेत.

बेसा रोड

काका, १९२९ ते १९७० म्हणजे एकेचाळीस वर्षे. पडद्यासाठी तेवढीच वाट पाहायची असेल, तर तो लावताना मी स्वतः आपल्या वयाचा असेन. आणि इतके थांबूनही सगळे आलेच नाहीत. बोलण्यांत सहभागी असलेली दक्षिण आशियाची मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

भाषेची-समाजाची भिंत ओलांडायला न लावण्याच्या मॅकगॅव्हरन यांच्या त्या तत्त्वाने आपल्या देशात जातीजातीच्या मंडळ्या उभ्या राहतील, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला होता. एखाद्या माणसाची तीन प्रकारांची विभागणी उपयोगी वाटली, म्हणून त्याचे प्रत्येक मत डोक्यावर घ्यावे लागत नाही.

आमचा सहवास एका लॉनच्या हॉलमध्ये भरतो. लग्नसराईत हॉल मिळत नाही, मग आम्ही कोणाच्या तरी गच्चीवर बसतो. तरीही लोक येतात, कारण तेथे कोणी त्यांना "तुम्ही कोणाचे?" असे विचारत नाही. माझी पत्नी तेलुगू भाषक आहे. आपल्या मराठी उपासनेला ती दोन वर्षे आली आणि त्या दोन वर्षांत तिच्याशी ज्या बायका बोलल्या, त्यांची नावे ती आजही सांगू शकते, इतक्या त्या थोड्या होत्या. बाक रिकामा का झाला, याचे उत्तर बेशात शोधण्याआधी बाकाशेजारी शोधावे.

आणि कमिटी 'निवडून आलेली' आहे, असे आपण म्हणता. कोणी निवडली? पटावर जितकी नावे आहेत, तितकी माणसे नाताळलाही दिसत नाहीत. पुण्याला, बंगळुरूला जाऊन स्थायिक झालेले लोक निवडणुकीच्या रविवारी रेल्वेने येतात, मत देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. जिवंत मंडळीचा कारभार अशा कागदी मंडळीने चालवावा, हे मला मान्य नाही. पाच जणांची सूचना मी त्यासाठीच केली होती.

निवृत्त खजिनदार

'कागदी मंडळी' या शब्दाबद्दल तीव्र निषेध. पट मी अनेक वर्षे सांभाळला आहे. तो असा का फुगला, हे ठाऊक नसताना टीका करणे सोपे असते.

नाव कमी करायचे म्हटले की त्या घरातून पहिला प्रश्न येतो तो दफनभूमीचा. मुलगा बंगळुरूला असेल, पण आजोबांची कबर येथे आहे आणि वडिलांना त्यांच्याशेजारीच जागा हवी आहे. दुसरा प्रश्न दाखल्यांचा : मुलीचे लग्न ठरले की बाप्तिस्म्याचा आणि सभासदत्वाचा दाखला आमच्याकडूनच मागितला जातो. अशा वेळी माणूस पटावरील नाव सोडत नाही आणि त्याला सोडायला लावण्याचे धैर्य कोणत्याही कमिटीला होत नाही, कारण त्या घराची मते पुढच्या निवडणुकीत हवी असतात. हे शेवटचे वाक्य मी नाइलाजाने लिहीत आहे.

निवडणुकीच्या आधी थकलेली वर्गणी एकरकमी भरली जाते, हेही खरे आहे. एका वर्षी एका उमेदवाराने सतरा घरांची थकबाकी स्वतःच्या खिशातून भरली आणि पावत्या त्या त्या घरांच्या नावाने मागितल्या. मी नकार दिला, तेव्हा पुढच्या कमिटीत खजिनदार बदलला गेला. परंतु यावर उपाय म्हणून निवडणूकच नको, हा तर्क मला समजत नाही. पाळकसाहेबांच्या मर्जीतील पाच जणांना हिशेब कोण विचारणार? निवडून आलेल्या चोराला निदान तीन वर्षांनी पाडता तरी येते.

उपाय साधा आहे. सलग दोन वर्षे वर्गणी न देणाऱ्याचे नाव मतदार यादीतून काढावे. नियमाची अंमलबजावणी कठोरपणे केली, की पट आपोआप खरा होईल.

मोहननगरवाली

खजिनदारसाहेबांचा हा 'साधा उपाय' माझ्या घरात होऊन गेलेला आहे, म्हणून लिहिते.

माझ्या आईने आयुष्यभर दर रविवारी अर्पणाच्या थैलीत पैसे टाकले. वडील गेल्यानंतर वर्गणीचे पाकीट देणे तिला जमले नाही, कारण पाकिटावर रक्कम आणि नाव लिहावे लागते आणि आपली रक्कम इतकी थोडी आहे, हे चार लोकांना कळू नये, असे तिला वाटे. थैलीतल्या पैशाची पावती नसते. एके वर्षी वार्षिक सभेच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लागली आणि त्यात तिचे नाव होते. ती ज्या मंडळीत वाढली, तिच्याच दारावर 'थकबाकीदार' म्हणून! त्यानंतर ती उपासनेला जात राहिली, पण प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी पुढे गेली नाही. कोणत्याही पाळकाने, कमिटीच्या कोणत्याही पंचाने घरी येऊन कारण विचारले नाही.

तेव्हा पट 'खरा' करण्याच्या गोष्टी माझ्यासमोर कोणी करू नयेत. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, पुन्हा वाचावा. मंडळीची संख्या वाढू लागली तेव्हा पहिली कुरकूर झाली ती ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते म्हणून. 'बेसा रोड' यांच्या पत्नीचीही तक्रार तीच आहे, हे मला मान्य आहे. पण प्रेषितांनी सात जण स्वतः निवडले नाहीत. "तुम्ही आपल्यातून शोधून काढा" असे त्यांनी सगळ्या शिष्यांना सांगितले. पाच जण पाळकांनी निवडावेत, हे 'बेसा रोड' यांना कोठे सापडले?

पेटीवाला

सगळे पटात अडकले आहेत, म्हणून संगीताची बाजू मांडतो. गिटार ही आधुनिकता आणि पेटी हा जुनाटपणा, असे गृहीत धरून ही चर्चा सुरू झाली आहे. आपली पेटी तरी कधी 'परंपरा' होती? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजवले, तेव्हा परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते सरावाची झालेल्या लोकांना तो बदलच होता. हेच टिळक त्याआधी नागपुरात धनिक अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. म्हणजे मराठी भक्तिगीत हा विषय आपल्याला परका नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. शनिवारी रात्री अकरा वाजता मोबाईलवर चार गीतांचे क्रमांक येतात आणि सकाळी साडेआठला ती वाजवायची असतात. मे महिन्यात चार कूलर एकदम सुरू असतात, तेव्हा पेटीही ऐकू येत नाही आणि उपदेशही. आधी कूलर दुरुस्त करा, मग बँडचा विचार करा.

बेसा रोड

ताई, आपल्या आईंच्या बाबतीत जे झाले, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ते ज्यांनी केले, ती निवडून आलेली कमिटीच होती, हेही नोंदवतो. सहाव्या अध्यायाचा मुद्दा मान्य. पाच जण मंडळीने निवडावेत. झाले समाधान?

खजिनदारसाहेब, आपण सतरा घरांच्या पावत्या नाकारल्यात, याबद्दल आदर आहे. मात्र ही गोष्ट आपण तेव्हा वार्षिक सभेत का सांगितली नाही? इतकी वर्षे गप्प राहून आज टोपणनावाने येथे लिहायचे, यालाच मी जुन्या मंडळीचा आजार म्हणतो.

निवृत्त खजिनदार

टोपणनावाने आपणही लिहीत आहात, साहेब. आणि वार्षिक सभेत मी उभा राहिलो होतो. "वेळ संपली आहे, आशीर्वाद घेऊ या" असे सांगून सभा आटोपण्यात आली. त्या दिवशी आपण कोठे होता, हे मला विचारायचे नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

सदरचा जुना सभासद

दोघांनीही थोडे आवरावे.

'बेसा रोड' यांचा एक मुद्दा मी स्वीकारतो, आनंदाने नव्हे. पटावरची मंडळी आणि बाकावरची मंडळी यांत इतके अंतर असेल, तर पटाच्या बळावर "आम्ही निवडून आलो आहोत" असे सांगण्याचा हक्क कमिटीला उरत नाही, मग माझ्या १९७० च्या उदाहरणाचे काय व्हायचे ते होवो. त्या वेळी निदान ज्यांच्यात बोलणी चालली होती, ते खरोखर तेथे बसलेले होते.

परंतु वर्गणीची कसोटी मला मान्य नाही. याद्या दोन कराव्यात. पहिली मूळ पटाची, जिच्यातून मृत्यूखेरीज कोणाचेही नाव निघणार नाही. दफनभूमी आणि दाखले तिच्यावर अवलंबून राहतील, म्हणजे बंगळुरूच्या मुलाला भीती नाही. दुसरी मतदानाची, जी दर तीन वर्षांनी नव्याने होईल आणि जिच्यात नाव हवे असेल त्याने स्वतः तसे कळवावे. रक्कम विचारायची नाही. येथे राहतो आणि उपासनेला येतो, एवढे पुरे. थैलीत पैसे टाकणाऱ्या बाईला पावती दाखवावी लागणार नाही. जो अंथरुणाला खिळला आहे, त्याच्या घरी जाऊन विचारावे. ही यादी झाल्यावर भाषा, वेळ आणि पडदा यांवर मतदान घ्यावे, आणि जे ठरेल ते मी मानेन. बँड आला तरी मानेन, फक्त कूलरचे पेटीवाल्यांनी आधी पाहावे.

पेटीवाला

कूलर हे माझे काम नाही.

मोहननगरवाली

दोन याद्यांची कल्पना बरी आहे, पण ती कागदावरच राहील. घरोघर जाऊन विचारणार कोण? महिला संघाच्या आम्ही काही जणी दर शुक्रवारी घरभेटींना जातो. मोहननगर, गड्डीगोदाम आणि जरीपटका आमच्याकडे लावून द्यावे. मनीषनगर आणि बेशाकडे जुन्या मंडळीची जी घरे आहेत, ती 'बेसा रोड' यांनी घ्यावीत. आता लग्नसराई आहे आणि हॉल बंद आहे, तेव्हा त्यांना वेळ असेलच. पत्नीलाही आणावे, तेलुगू बोलणारी आमच्यात कोणी नाही आणि त्या घरांत आम्ही आजवर गेलेलोच नाही.

बेसा रोड

टोमणा पोचला. येऊ, दोघेही. अट एकच : घरांची यादी मला पाळकसाहेबांकडून मिळावी, खजिनदारसाहेबांकडून नको.

निवृत्त खजिनदार

पाळकसाहेबांकडे जी यादी आहे, ती माझ्याच हस्ताक्षरात आहे.