ग्रँट डफने साताऱ्याचे कागद खरंच जाळले का? सोसायटीच्या जुन्या नोंदी कुठं बघायच्या?

पोवईनाका_सातारा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलोय की ग्रँट डफनं, म्हणजे साताऱ्याच्या दरबारात इंग्रज सरकारचा प्रतिनिधी (रेसिडेंट) होता त्यानं, मराठ्यांचा इतिहास लिहायला छत्रपतींच्या दफ्तरातनं गाड्या भरून कागद नेले आणि पुस्तक झाल्यावर सगळे जाळून टाकले, म्हणजे परत कोणी त्याला खोटं पाडायला नको. आमचे थोरले काका तर हे असं सांगायचे की जणू स्वतः शेजारी उभं राहून धूर बघितलाय.

परवा दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या १८२६ च्या पुस्तकाचं स्कॅन मोबाईलवर चाळत बसलो होतो. अक्षर बारीक, अर्ध्या पानांवर तळटीपा. त्यात एक सोडून चांगल्या चार-पाच ठिकाणी तो लिहितोय की या कागदाची नक्कल मी मुंबईच्या लिटररी सोसायटीकडं ठेवलीय. मी तिथंच थांबलो. जाळायचे असते तर पत्ता कशाला दिला असता बाबानं?

तर प्रश्न असा की ही सोसायटी म्हणजे नेमकी कुठली, ती आज आहे का, आणि तिच्याकडं त्या वेळच्या आवक-नोंदी, मीटिंगच्या वह्या असं काय बघायला मिळतं का? मी काय संशोधक नाही, शाळेत गणित शिकवतो. पण डोक्यातनं जाईना.

जुनेकागद_मिरज

सर, चांगला प्रश्न काढलात. सोसायटी आहे की, मुंबईत टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी ती हीच. २६ नोव्हेंबर १८०४ ला जेम्स मॅकिंटॉशनं परळला सुरू केली, तेव्हा नाव लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे. लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी वेगळी, ती कोलब्रुकनं १८२३ मध्ये काढली. १८३० च्या सुमारास मुंबईवाली तिची शाखा झाली आणि नाव झालं बॉम्बे ब्रँच. १९५० च्या दशकात परत स्वतंत्र झाली. लोक या सगळ्याची खिचडी करतात आणि डफचे कागद लंडनमध्ये शोधत बसतात. डफ म्हणतोय तेव्हा मुंबईवाली संस्था होती, आणि तिला कुठली शाखाबिखा व्हायचं होतं अजून.

आता नोंदींचं. अशा संस्थेत तीन प्रकारचे कागद बघायचे. सभेचं इतिवृत्त, मेंबरांची यादी, आणि आलेल्या भेटींची यादी. लोक काय करतात, थेट छापलेले निबंध उघडतात. अहो निबंध बघून काय होणार, आपली माणसं, आपला गाव तिथं लेखक म्हणून नाहीच, भेट देणारा म्हणून आहे. कुणी नाणं दिलं, कुणी पोथी दिली, कुणी शिलालेखाचा ठसा पाठवला, ते सगळं भेटींच्या यादीत एका ओळीत असतंय. मी असल्या ओळींवर चार वर्षं काढलीयत, घरात बायको म्हणते यादी वाचणारा माणूस आयुष्यात कधी बघितला नव्हता.

वाईची_लेक

जाळले ही गोष्ट खोटी म्हणायला मला अजून एक कारण वाटतं. डफनं बहुतेक मूळ कागद घेतले नाहीत, घेतल्या नकला. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानं वापरली, ती आज आपल्याला छापील मिळतेच. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दफ्तरातला भागही पुण्याला पेशवे दफ्तरात आहे. म्हणजे मूळ जागचं शिल्लक आहे, नकला हरवल्यायत. जाळण्याचं पाप डफवर टाकायला आवडतं सगळ्यांना, कारण तो रेसिडेंट होता, गोरा होता, आणि १८१८ ला इंग्रजी अंमलाबरोबर साताऱ्याला आला. राग समजतो मला, पण पुरावा वेगळा लागतो.

हा वादही आजचा नाही. १८६७-६८ लाच नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफच्या पुस्तकावर टीका लिहिली होती, त्याची साधनं परत तपासा म्हणून, आणि त्यातूनच पुढं राजवाडे, खरेशास्त्री, पारसनीस ही सगळी इतिहास-संशोधक मंडळी दफ्तरं धुंडाळायला लागली. पारसनीसांचं संग्रहालय तर आपल्या साताऱ्यातच होतं, मेणवलीचं नाना फडणविसांचं दफ्तर त्यांच्याकडं, नंतर १९३९ मध्ये सगळं डेक्कन कॉलेजला गेलं. आमच्या वाईहून मेणवली चालत जाता येते, पण कागद बघायला पुण्याला जावं लागतं, हे आमचं नशीब.

पोवईनाका_सातारा

ताई, हे नकलांचं भारी सांगितलंत. मग नकला गेल्या कुठं? सोसायटीकडं पोचल्याच नसतील का? आणि तळटीपेत "ठेवली" असं आहे, "ठेवणार" असं नाही, हे माझ्या मते महत्त्वाचं. गणिताच्या माणसाला असले काळ फार दिसतात.

जुनेकागद_मिरज

सर, इथंच तारखा लावा. १८२२ मध्ये डफनं साताऱ्याचा कारभार छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या हाती दिला, तब्येत बिघडली होती त्याची, मग तो मायदेशी गेला आणि पुस्तक स्कॉटलंडमध्ये बसून पुरं केलं. छापलं १८२६ ला. म्हणजे मुंबई सोडताना कागद दिले असतील तर १८२२-२३ च्या इतिवृत्तात काहीतरी निघालं पाहिजे, आणि मागाहून बोटीनं पाठवले असतील तर १८२६-२७ च्या. दोन्हीकडं काही नसलं तर पोचलेच नाहीत म्हणायला जागा आहे. पण एक सावधगिरी. नोंद नाही याचा अर्थ कागद आला नाही असा लगेच काढायचा नाही, सेक्रेटरी आळशी असला की असं होतं. माझ्या गावातल्या एका संस्थेत मी स्वतः पितळी पेटीत २२ मोडी कागद दिले, पावती मागितली तर "लिहून ठेवतो काका" म्हणाले, पुढच्या वर्षी चौकशी केली तर पेटी आहे, कागद नाहीत आणि वहीत माझं नावही नाही. २०० वर्षांनी कोणी त्या वहीवरनं म्हणेल की हा माणूस आलाच नव्हता.

शिवाय त्या काळी सोसायटीला धड जागा नव्हती, टाऊन हॉल १८३३ ला पुरा झाला. सामान हलवताना काय हरवलं असेल आणि कुठल्या बोजक्याला "देशी कागद, किरकोळ" अशी चिठ्ठी लागली असेल याचा मी फक्त अंदाज करतोय.

कृष्णाकाठचा

लय भारी चाललाय धागा. माझी एक भर. त्या सोसायटीत १८४० पर्यंत भारतीय मेंबरच नव्हता, माणकजी कर्सेटजींना आधी नाकारलं, मग घेतलं. डफच्या वेळी मोडी वाचणारा मेंबर टेबलाला कोण असणार, सांगा? अशा ठिकाणी मोडीच्या नकलांची राखण कशी होणार. पुढं भाऊ दाजी लाड आले, १८९२ ला काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय अध्यक्ष झाले, पण तोवर ७० वर्षं झाली होती.

आणि साताऱ्याचा अजून एक माणूस त्यात, बार्टल फ्रियर. आपल्याकडं रेसिडेंट होता, १८४८ ला साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज वारले तेव्हा दत्तक मान्य करा म्हणत होता, ऐकलं नाही कोणी, सातारा खालसा. पुढं तो मुंबईचा गव्हर्नर आणि नंतर लंडनच्या रॉयल एशियाटिकचा अध्यक्ष. एकाच गावचे दोन रेसिडेंट, एकाचे कागद हरवले, एकाचं म्हणणं.

जुनेकागद_मिरज

फ्रियरची आठवण केलीत बरं झालं.

सर, शोधायला सुरुवात गणपतराव तिवरेकरांच्या सूचीपासून करा. १८८६ ची आहे, लिटररी सोसायटीचे तीन खंड आणि पुढचं जर्नल सगळ्याची, सोबत संस्थेचा छोटा इतिहासही आहे. मग संस्थेचा १९०५ चा शताब्दी खंड. ही दोन्ही घरबसल्या स्कॅनवर बघा, आणि मगच टाऊन हॉलच्या ३० पायऱ्या चढा. जाताना सालं ठरवून कागदावर लिहून न्या, "ग्रँट डफचं काय आहे का" असं विचारलं की समोरचा माणूस पुस्तकच आणून देतो, माझा अनुभव. १८२२ ते १८२७ ची इतिवृत्तं असं मागा.

पोवईनाका_सातारा

दादा, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तिवरेकरांची सूची सापडली, रात्री वाचतो. काकांना फोन लावला होता, म्हटलं जाळण्याचा पुरावा नाही, ते म्हणाले पुरावाच जाळला की रे. आता यावर काय बोलणार.

जानेवारीत मुंबईला जायचं ठरवतोय, आठवड्यातल्या दिवशी. बरोबर कोणी मोडी येणारं येईल का? इतिवृत्त इंग्रजीत असेल, पण पाठीमागे एखादं मूळ चिकटलेलं निघालं तर मला काही वाचता यायचं नाही. येताना कंदी पेढे आणतो, दोन किलो.

वाईची_लेक

मी येते. पण पेढे राजवाड्यापाशीचे, स्टँडवरचे नकोत.