बाळंतिणीचं एचबी आता मॉडेल सांगणार?

खानापूरची नर्सबाई: काल इथं एकांनी लिहिलंय की प्रसूतीआधीचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन), वजन आणि गेलेलं रक्त एवढं कॉम्प्युटरच्या मॉडेलला दिलं की नंतरचं एचबी कळतं, मग मॉडेल धोका दाखवेल त्यांचंच रक्त तपासायचं, बाकीच्यांना टोचायला नको. वाचल्यापासून डोकं तापलंय. गेलेल्या रक्ताचा आकडा आणणार कुठून? लेबर रूममध्ये कपडे-बोळे बघून आम्ही अंदाज लिहितो, आणि जिचं जास्त गेलं तिथंच तो जास्त चुकतो. आपल्या बेळगावातच रक्त गोळा करून मोजायची खुणांची पिशवी लावून पाहिलं तेव्हा नजरेचा अंदाज 33 टक्के कमी निघाला होता. बाळंतपणातला रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा 2006 चा अभ्यासही आपल्याच खेड्यांतला, 1620 बायकांचा. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं, हे कळलं ते रक्त मोजलं म्हणून.

आकडेमोड: ती पोस्ट माझी. ताई, एकदा टोचून तरी काय कळतं? गरोदरपणी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, 40-50 टक्के वाढतो, लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत. बाळंतपणानंतर शरीरातलं पाणी जागा बदलत असतं, एचबी दोनेक दिवस उतरतं, मग चढतं. पहाटे बाळंत झालेलीचं दुपारी 10.4 आलं की तुम्ही घरी सोडता. मॉडेल पुढचा उतार धरतं.

निपाणीची सून: माझ्या जाऊबाईंचं दुपारीही कुणी बघितलं नाही. आधी 10.8 होतं. चक्कर येतेय म्हणाली तर "ओली बाळंतीण आहे, असंच असतं" म्हणून घरी पाठवली. बाराव्या दिवशी पाळण्यापाशीच कोसळली. तपासलं तर 6.9. आणि लोहाच्या गोळ्यांचं सांगते, बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, पण आमच्याकडं त्या चहाबरोबर घेतात. लोह अंगी लागणार कसं?

आकडेमोड: वाईट वाटलं. पण हेच मॉडेलनं पकडलं असतं.

निपाणीची सून: कशावरून? बाळंतपण माहेरी, महाराष्ट्रात चंदगडला झालं. थायी कार्ड, म्हणजे कर्नाटक सरकारचं गरोदर बाईच्या नोंदींचं कार्ड, इकडं सासरी कपाटात.

चंदगडचा भाचा: नेलं असतं तरी काय उपयोग? कार्ड कन्नडमध्ये! आमच्याकडच्या डॉक्टरांनी माझ्या मावशीचं कार्ड उलटसुलट केलं नि परत दिलं. मराठी बायकांना मराठीत कागद द्यायला एवढं जड का जातंय?

अनगोळकर: प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणायलाच पाहिजे काय? एचबीचा आकडा कुठल्या भाषेत असतो?

चंदगडचा भाचा: रक्त चढवलं होतं, हे शब्दांत लिहिलेलं होतं. ते वाचता आलं नाही. तुम्ही बेळगावात बसून सांगालाय, तिकडं माणूस हातात कागद घेऊन उभा राहतो.

अनगोळकर: आमच्या गल्लीतली आशा कन्नड बोलते. माझ्या बहिणीच्या पापण्या ओढून बघितल्या, पांढऱ्या दिसल्या तशी स्वतः रिक्षा करून नेलं. भाषेवरून माणसं तोडू नका.

चंदगडचा भाचा: त्या बाईंना माझा नमस्कार. मी माणसांबद्दल नाही, कागदाबद्दल बोलतोय.

खानापूरची नर्सबाई: भांडण थांबवा, पण मुद्दा त्यातच आहे. इकडून कागल, गडहिंग्लज, चंदगडला माहेरी गेलेली बाई आमच्या रजिस्टरात अर्धीच राहते. मॉडेल शिकणार ते इथंच थांबलेल्या बायकांवर. जी हद्द ओलांडते, तिच्याबद्दल त्याला काय ठाऊक?

आकडेमोड: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाकीच्यांना टोचायला नको, हे वाक्य मागे घेतो. पण उताराचं मागे घेणार नाही. दुपारी 10.4 आलेलीला परत कधी बोलवायचं, हे कुणीतरी सांगायला हवं.

खानापूरची नर्सबाई: सांगा की. 48 तासांनी बोलवा म्हणालात तर मी स्वतः बोलवीन. आधी पिशवी लावा, रक्त मोजा, मग तुमचं गणित घेऊन या.

चंदगडचा भाचा: आणि कार्ड?